गाण्यातली दुसऱ्या गळ्याची जागा

अहिराणी गाणं आता धुळ्या-जळगावच्या लग्नमांडवापुरतं राहिलेलं नाही. भैया मोरे आणि अंजना बर्लेकर यांनी गायलेलं 'हाई झुमकावाली पोर' यूट्यूबवरून राज्यभर पसरलं आणि अहिराणीचं एक वाक्यही न येणाऱ्यांनी ते हळदीत, वरातीत वाजवलं. चित्रपटाचा टेकू नसताना, दोन आवाजांच्या सवाल-जवाबावर उभं राहिलेलं हे गाणं. अशा गाण्यांत परंपरा किती आणि नवेपणा किती, याची चर्चा सहसा वाद्यांवर येऊन थांबते. ढोलकी खरी की संगणकातली, संबळाचा ठेका घेतला की नाही, पावरी ऐकू येते का, एवढंच मोजलं जातं. ही मोजणी मला अपुरी वाटते. खान्देशातल्या जुन्या गाण्याचा कणा वाद्यात नाही, त्यातल्या दुसऱ्या गळ्यात आहे. ते गाणं एकट्याने पुरं करायचं नसतंच. म्हणून आज दोघं मिळून नवं गाणं रचत असतील, तर त्यांच्या कामाची पहिली कसोटी हीच: दुसऱ्याची जागा त्यात खरोखर उरली आहे का?

जुन्या गाण्यांची घडण बघितली की हे लख्ख दिसतं. जात्याला दोघी बसल्या की एकीने ओवी काढायची आणि दुसरीने ती उचलायची. ओवीचा साडेतीन चरणांचा बांधा या देवघेवीला सोयीचा आहे, कारण अखेरचा आखूड चरण संपताना दम घ्यायला आणि दुसरीला शिरायला फट मिळते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाला बांधलेल्या झोक्यावर गातात, तेव्हा ओळ एक जण म्हणते आणि बाकीच्या ती परतवतात. गाण्याची लय झोक्याच्या जाण्या-येण्यातून ठरते. श्रावणात कानबाई देवी बसते. रोटांचा स्वयंपाक होतो, सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेले भाऊबंदही गावी परततात, रात्रभर जागरण चालतं आणि सोमवारी मिरवणुकीने विसर्जन होतं. त्या रात्रीच्या गाण्यांत घरच्या माणसांची नावं सहज गुंफली जातात. वहीगायन या लोकप्रकारातही मुख्य गायकामागे झील धरणारे, म्हणजे ओळ मागून परतवणारे, लागतातच. चाल चार-पाच सुरांत फिरणारी, सोपी असते. ती सोपी असण्यामागे अडाणीपण नाही. नव्याने येऊन बसलेल्या बाईलाही ती लगेच धरता यावी, अशी ती असते.

यावर पहिला आक्षेप बहिणाबाईंच्या नावानेच येईल. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) एकटीने रचलं आणि मराठीला न पुसणारी कविता दिली. मग दुसऱ्या गळ्याचा एवढा आग्रह कशाला? बहिणाबाईंची भाषा अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, हे आधी सांगायला हवं, कारण खान्देश म्हटला की सगळं एकाच टोपलीत टाकायची सवय आहे. पण आक्षेपाचा मुद्दा रचनेचा आहे. त्यांनी ओवीचा सामूहिक साचा घेतला आणि त्यात एका बाईचा स्वतंत्र विचार बसवला. नवं गीतलेखन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? तरी हे काम एकटीचं राहिलं नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी गाणी टिपून घेतली, म्हणून 1952 मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. पुढे 1961 च्या 'मानिनी'त वसंत पवारांनी त्यांतल्या रचनांना चाली दिल्या. रचणारी, टिपणारे, चाल बांधणारा, असे हात लागत गेले. एकीच्या प्रतिभेला यामुळे उणेपण येत नाही, आणि दुसऱ्याची गरजही खोटी ठरत नाही.

आता आजचं गाणं कसं तयार होतं ते पाहावं. आधी संगणकावर ठेका ठरतो. त्याची गती एकदा बांधली की शेवटपर्यंत तीच, कारण पुढे ते डीजेच्या हाती जायचं असतं. मग मुखडा आणि दोन अंतरे लिहिले जातात. मुखड्यात चटकन जिभेवर बसणारा एखादा शब्द हवा, आणि इथे अहिराणी फार मदत करते: 'ना', 'नी', 'मा', 'ले' असे आखूड प्रत्यय ठेक्यावर अचूक बसतात. मग आवाज घेतले जातात. युगुलगीतातले दोघं अनेकदा वेगवेगळ्या वेळी स्टुडिओत येतात. एकाने गाऊन ठेवलेलं दुसरी कानाला हेडफोन लावून ऐकते आणि आपला जवाब भरते. सवाल-जवाब ऐकू येतो, पण सवाल करणाऱ्याला जवाब माहीत नसतो. जात्यावरची दुसरी बाई पहिलीचा दम ओळखून ओळ लांबवायची किंवा आखडती घ्यायची. इथे ते संभवत नाही. माझ्या मते खरी हानी इथे होते, सिंथेसायझरमुळे नाही. आणि ती भरून काढायला खर्चही लागत नाही. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांसमोर उभं राहून गावं, ठेका त्यांच्यामागे चालवावा, एवढं पुष्कळ आहे.

कोणी म्हणेल, ही नाचायची गाणी. त्यांना एवढं तोलून काय मिळणार? पण लोकगीत केव्हाच नुसतं ऐकायचं नव्हतं. ते दळायला, झुलायला, देवी बोळवायला होतं. वरातीत नाचणारी पोरं मुखडा ओरडून परत देतात, तेव्हा झील धरणाऱ्यांचं कामच ती करत असतात. त्यामुळे या गाण्यांना उथळ ठरवून हात झटकणं मला मान्य नाही. मला खटकतं ते निराळंच. ओवीतले आणि आखाजीच्या गाण्यातले शब्द बायांचे होते. सासर, माहेर, भाऊ, नवरा यांच्याबद्दल त्यांना जे म्हणायचं ते त्या म्हणत. नव्या युगुलगीतात बाईचा गळा आहे, पण गीतकार बहुधा पुरुष असतो. म्हणजे जागा ठेवली, आणि त्या जागेवर काय बोलायचं तेही आधीच ठरवून दिलं. झुमका कसा दिसतो हे तो सांगतो. तो घालणारीला काय वाटतं, हे क्वचितच कानावर येतं. परंपरेशी नातं जोडू पाहणाऱ्या जोडीने जुना ठेका उचलण्याआधी हे उचलावं. जवाबाच्या ओळी गाणारीने स्वतः लिहाव्यात, आणि त्या ऐकून सवालाच्या ओळी बदलायची तयारी दुसऱ्याने ठेवावी.

शेवटचा मुद्दा श्रेयाचा. 2011 च्या जनगणनेत खान्देशी, म्हणजे अहिराणी धरून, आपली मायबोली सांगणारे 18 लाखांवर होते. एवढ्या लोकांच्या गाण्यांची श्रेयनामावली मात्र फार अपुरी असते. गायक, संगीत, छायाचित्रण यांची नावं येतात आणि चाल कानबाईच्या रात्रीतून आलेली असेल तर तिथे 'पारंपरिक' एवढंच लिहून मोकळं होतात. ती चाल कोणत्या गावात, कोणत्या बाईच्या तोंडून शिकली हे शिकणाऱ्याला ठाऊक असतं. तिची संमती घेऊन तिचं नाव लिहावं, आणि गाण्याने पैसे मिळवले तर त्यात तिचा वाटाही ठेवावा.