जनित्राचे तेल : निवड आणि तपासणी

तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. बोईसरनजीकचे बेटेगाव याच परिसरातले. परंतु वीजकेंद्र शेजारी असले, तरी वादळात तुटलेल्या तारा जोडेपर्यंत अंधार टळत नाही. मे 2021 मधील तौक्ते चक्रीवादळात पालघर जिल्ह्याला याचा अनुभव आला. अशा वेळी ग्रामपंचायत, शाळा अथवा आरोग्य उपकेंद्राला आधार असतो तो लहान जनित्राचा. वर्षभर कोपऱ्यात पडून असलेले हे यंत्र ऐनवेळी चालेल की नाही, हे पुष्कळदा त्यातील अर्ध्या-एक लिटर तेलावर ठरते.

तेलाची निवड

इंजिन ऑईल फिरत्या भागांचे घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि काजळी स्वतःत सामावून घेते. बहुतेक लहान जनित्रांत तेलाची गाळणी नसते. त्यामुळे मळ तेलातच साचतो आणि तेल वेळेवर बदलणे अगत्याचे ठरते.

चार-स्ट्रोक पेट्रोल जनित्रासाठी सामान्यतः ‘एसएई 10डब्ल्यू-30’ तेल सुचविले जाते. यातील पहिला अंक थंडीतील, तर दुसरा तापलेल्या इंजिनातील तेलाचा दाटपणा दर्शवितो. उष्ण हवामानात काही उत्पादक ‘एसएई 30’ हे तेलही चालते असे सांगतात. तथापि यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी व डब्यावरील अंक तिच्याशी ताडून पाहावेत. जुन्या दोन-स्ट्रोक यंत्रांत तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. त्यांचे तेल निराळे असते.

तपासणीची रीत

जनित्र सपाट जागी ठेवून बंद करावे व थोडा वेळ थांबावे. तेलाची मोजकांडी बाहेर काढून स्वच्छ पुसावी, पुन्हा आत घालून पातळी पाहावी. अनेक यंत्रांत पातळी पाहताना कांडीचे झाकण आवळावयाचे नसते. तेल वरच्या खुणेपर्यंत असावे, त्याहून अधिक नसावे. दुधाळ तेल पाणी शिरल्याचे लक्षण होय. पेट्रोलचा वास येऊन पातळी वाढली असल्यास इंधन तेलात झिरपत असल्याचे समजावे. दोन्ही प्रसंगी कारण शोधून दुरुस्ती करावी व नंतरच नवे तेल भरावे.

तेल कमी होताच अनेक जनित्रे आपोआप बंद पडतात. प्लग बदलण्यापूर्वी किंवा कारागिराला बोलावण्यापूर्वी कांडी पाहिल्यास खर्च व वेळ वाचतो.

नव्या यंत्राचे तेल साधारणतः पहिल्या 20 तासांनंतर, पुढे दर 100 तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलावे. यंत्र वापरात नसले, तरी सहा महिन्यांची मुदत पाळावी.

जबाबदारी कोणाची?

हे काम सर्वांचे म्हटले की कोणाचेच राहत नाही. म्हणून एका कर्मचाऱ्याकडे ते सोपवून चालविलेले तास, तेलाची पातळी व बदलाची तारीख यांची नोंदवही ठेवावी. महिन्यातून एकदा यंत्र मोकळ्या जागेत चालवून पाहावे. खोलीत साचणारा धूर प्राणघातक ठरतो. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. पावसाळ्यापूर्वी या कामाला दिलेली पंधरा मिनिटे वादळाच्या रात्री गावाच्या उपयोगी पडतील.