लाल बावट्याची यादी

मतदारयादी अनुक्रमांकानं छापलेली असते, भाई ती चुलीनं वाचतात. अलिबाग तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या एका यादीभागात हजारभर नावं. पेन्सिल घेऊन बसले की आधी आळी वेगळी काढतात, मग घर, मग घरातल्या चुली. "हे चौघं एकाच घर नंबरात दाखवलेत. पण थोरला शिमग्यापासून वेगळा निघालाय. बापाला सांगितलं म्हणजे पोराला पोचलं, असं आता धरायचं नाय." असं म्हणत त्या चार नावांच्या मध्ये एक आडवी रेघ ओढतात. सरकारी कागदावर एकत्र असलेलं घर भाईंच्या कागदावर विभक्त होतं.

शेतकरी कामगार पक्षात सगळेच भाई, त्यामुळे यांचं नाव सांगायची गरज नाही. वय सत्तरीपार, एका गुडघ्याची कुरकुर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. निवडणूक ग्रामपंचायतीची असो की विधानसभेची, यादी आली की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसतो. आधी लिहून द्यायला जायचो, आता ऐकायला जातो.

खुणा दोनच. नावापुढे बरोबर म्हणजे आपलं मत. गोल म्हणजे बोलावं लागेल. ज्याच्यापुढे काहीच नाही तो समोरच्याचा. फुली मात्र भाई कधीच मारत नाहीत. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "फुली मारली की पुढच्या इलेक्शनला त्याच्या दारात जाताना आपलेच पाय अडतात." खुणा पेन्सिलीच्या असण्यामागेही हेच. आठवड्याभरात बांधावरून भांडण होतं, कुणाच्या तरी पोराला कंपनीत कंत्राट मिळतं, आणि बरोबरचा गोल होतो.

खरा वेळ जातो तो यादीत असून गावात नसलेल्या माणसांवर. वारलेले, सासरी गेलेल्या मुली, नाव दोन ठिकाणी असलेले. आणि मुंबईकर. त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान. कोण मांडव्याला बोटीनं उतरणार, कोण एसटीनं पेणवरून येणार, कुणाला फोन भावानं करायचा आणि कुणाला मुद्दाम मेव्हण्यानं, कारण भावांचं बोलणं बंद आहे. ग्रामपंचायतीला पाच-सात मतांवर प्रभाग जातो, तेव्हा हे पान बाकी वहीपेक्षा जड असतं.

हे काम कुठून आलं? भाईंच्या मते चरीहून. भिंतीवर चरीच्या शेतकरी संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांचा फोटो आहे, त्याच्याखाली 'कृषीवल' दैनिकाच्या जुन्या अंकांची चळत. चरी तिथून फार लांब नाही. 27 ऑक्टोबर 1933 रोजी तिथल्या सभेत 25 गावांच्या कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला आणि 1939 पर्यंत जमिनी ओस ठेवल्या. मोळ्या विकल्या, खाडीत मासे मारले, मजुरी केली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कुळांना संरक्षण मिळालं आणि स्वातंत्र्यानंतर खोतीही गेली. संप सहा वर्षं टिकवायचा म्हणजे भाषणं पुरत नाहीत. कुठल्या घरात दाणा संपलाय, कोण खोताच्या माणसाशी बोलताना दिसला, कुणाला आधार द्यायचा आणि कुणाला गावकीत बोलवायचं, याचा हिशोब कुणीतरी रोज ठेवावा लागतो. भाईंचे आजोबा त्या हिशोबातले. त्यांच्याकडे वही नव्हती, ते तोंडीच ठेवायचे.

1947 मध्ये शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, उभा राहिला, 1950 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला त्यानं मार्क्स-लेनिनचा मार्ग आपला म्हणून जाहीर केला. कुलाब्यातल्या, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या, किती शेतकऱ्यांनी तो दाभाडी प्रबंध वाचला असेल याबद्दल मला शंका आहे. त्यांना कूळकायदा कळला होता, तेवढा पुरला. खटारा ही निशाणी आणि लाल बावटा घराघरात गेला तो भावकी आणि गावकीच्या वाटेनं. एका घराचा निर्णय अख्ख्या आळीचा व्हायचा, गठ्ठा मतदान म्हणतात ते हेच. पक्षाचे लोक याला वर्गजाणीव म्हणत. मला ती जास्त करून भाऊबंदकीच वाटते, फक्त लाल रंगाची.

ही गंमत इथलीच नाही. चरीच्या संपाआधीच्याच वर्षांत, दूर मध्य आशियात, किर्गिझ लोकांवर कम्युनिस्ट राज्य बसत होतं. तिथेही 1920च्या दशकात 'कोश्ची' नावाची गरीब नांगरधाऱ्यांची संघटना काढली गेली, आणि तिथेही टोळीचे जुने प्रमुख, मनाप, तिच्यात शिरून बसले. मॉस्कोला ते खपणारं नव्हतं. मनापांना हद्दपार केलं, 1929 नंतर भटक्या पशुपालकांना सामूहिक शेतात कोंबलं, आणि लोकांनी आपली जनावरं सरकारला देण्यापेक्षा कापून खाल्ली. चरीत शेतकऱ्यांनी आपणहून नांगर खाली ठेवला होता, तिथे आपल्या कळपावरचा हात लोकांना जबरदस्तीनं काढावा लागला. तरीही सामूहिक शेतांच्या आत टोळ्या जिवंत राहिल्या, फक्त टोळीप्रमुखाच्या जागी शेताचा अध्यक्ष आला. किर्गिझ सरकारचे सुरुवातीचे प्रमुख युसुप अब्द्रखमानोव यांना 1938 मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. लेखक चिंगीझ ऐतमातोव यांचे वडील तोरेकुल हेही त्याच वर्षी मारले गेले. त्यांचे अवशेष सापडायला 1991 साल उजाडलं.

मला मात्र त्यात रस आहे तो तिथल्या 'भाईं'मध्ये. सोव्हिएत निवडणुकीत प्रत्येक भागाला प्रचारक नेमलेला असे, त्याच्याकडे घरांची यादी असे. मतपत्रिकेवर नाव एकच. विरोध करायचा तर ते खोडायला पडद्याआड जावं लागे, आणि पडद्याआड कोण गेलं हे सगळ्यांना दिसे. प्रचारकाचं काम एवढंच की यादीतला प्रत्येक माणूस पेटीपर्यंत यावा. आकडा 99 टक्क्यांच्या वर जाई. त्या प्रचारकाला माणसाच्या मनात काय आहे हे ओळखायची गरजच नव्हती. भाईंना दुसरं काही करायलाच नसतं.

आकडा आणि मन यांचं नातं बघायचं तर पेणचं उदाहरण घ्या. 21 सप्टेंबर 2008 रोजी तिथल्या 22 गावांत शेतकऱ्यांचं सरकारनं मत घेतलं: महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन द्यायची की नाही. शेकापचे नेते प्रा. एन. डी. पाटील यांनी सेझविरुद्धचा लढा उभा केला होता. भाई तेव्हा अलिबागहून मुद्दाम गेले, कारण त्यांच्या सासुरवाडीची गावं त्यात होती. त्यांच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी गोल खूण कुठे मारावी लागलीच नाही, सगळी बरोबरच. पण त्या मतदानाचा निकाल सरकारनं अधिकृतपणे जाहीर केला नाही. जमीन संपादनाची मुदत पुढच्या वर्षी संपली आणि सेझ बारगळला. किर्गिझस्तानात उलट झालं. 17 मार्च 1991 च्या सार्वमतात 96 टक्क्यांवर लोकांनी सोव्हिएत संघ टिकावा म्हणून मत दिल्याचा निकाल धडाक्यात जाहीर झाला, आणि 31 ऑगस्टला तेच प्रजासत्ताक स्वतंत्र झालं. भाईंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे यादी कुणी वाचलीच नव्हती तिकडं."

मतदानाच्या दिवशी वही घरी राहते, फक्त यादी टेबलावर येते. टेबल 2025 पर्यंत केंद्रापासून 200 मीटरच्या बाहेर असे, खुर्च्या दोन. चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदाची, तीवर नाव, भाग आणि अनुक्रमांक, बाकी काही नाही. भाई चिठ्ठी फाडून देतात आणि नावावर तिरपी रेघ ओढतात. आजीबाई आली तर नंबर न बघता हात थेट त्या ओळीवर जातो. आतला एजंट पहाटेच गेलेला असतो, मतदानाआधी दीड तास अभिरूप मतदान असतं, निदान 50 मतं टाकून यंत्र तपासतात, पुसतात, सही करून घेतात. एका निवडणुकीत मी आत बसलो होतो. अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, आपण आपल्या प्रतीवर खूण करायची आणि हरकत घ्यायची असेल तर ती लगेच. दिवसभरात मी हरकत घेतली नाही. गावात माणूस खोटा असतो, ओळख खोटी नसते.

दुपारी दोनला भाईंचं खरं काम निघतं. टेबलावरची यादी चाळून, तिरपी रेघ नसलेली बरोबरची नावं ते एका कागदावर उतरवतात आणि पोराला आळीत पाठवतात. "गावडे आत्या झोपल्या असतील, दार वाजवू नकोस, खिडकीतून हाक मार." "तो दारू प्यायला बसला असेल तर राहू दे. तसाच आला तर मत आपलं, नाव बदनाम आपलं."

हे सगळं आता कमी पडतंय, हे त्यांनाही दिसतं. 2019 मध्ये अलिबागची जागा गेली, 2024 मध्ये परत आली नाही. त्या वर्षी अख्ख्या राज्यात पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तोही सांगोल्यातून. कारणं पुष्कळ: पक्ष एका घराण्याभोवती फिरू लागला, आघाड्या रोज बदलल्या. पण पडवीतून दिसणारं कारण वेगळं आहे. थळच्या खत कारखान्यात किंवा डोलवीच्या पोलाद कारखान्यात जाणाऱ्या पोराला आळीचा निर्णय विचारावा लागत नाही. रस्त्यालगतच्या शेतात मुंबईच्या लोकांचे बंगले उभे आहेत. त्यातल्या काहींची नावं यादीत आली आहेत आणि भाईंना त्यांची चूलच माहीत नाही. त्या नावांपुढे ते काहीच लिहीत नाहीत, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं ती समोरच्याची होतात. मला हे चुकीचं वाटतं आणि मी तसं सांगितलंही. "मग तू जा त्यांच्याकडं," म्हणाले, "गेटवर कुत्रा असतो."

संध्याकाळी सहाला मतदान बंद झालं की एजंट नमुना 17सी ची प्रत घेऊन बाहेर येतो. त्यावर एकूण किती मतं पडली एवढंच असतं, कुणाला पडली ते नसतं. भाई तो आकडा आपल्या तिरप्या रेघांशी लावून बघतात. गेल्या वेळी यंत्रात चाळीसेक मतं जास्त निघाली, म्हणजे तेवढे लोक आमच्या टेबलावर न येता, चिठ्ठी न घेता थेट आत गेले होते. पोरं म्हणाली, मोबाईलवर नंबर बघून गेली असतील, त्यात काय. भाईंनी एजंटाला परत खाली बसवलं, त्याची यादी मागून घेतली आणि विचारलं, "कुठल्या आळीतली? एकेक नाव सांग."