हेरगिरीची नैतिक किंमत

हेरकथा म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे वेगवान मोटारी, आलिशान हॉटेले, अचूक नेम आणि नायकाचा ठरलेला विजय उभा राहतो. इयन फ्लेमिंगच्या जेम्स बाँडने १९५३पासून ही प्रतिमा जगभर रूढ केली. तिला सुरुंग लावला तो एका सरकारी नोकराने. डेव्हिड कॉर्नवेल हे त्याचे खरे नाव. नोकरीत असताना स्वतःच्या नावाने कादंबरी प्रसिद्ध करण्याची मुभा नव्हती, म्हणून त्याने जॉन ल कॅरे हे टोपणनाव घेतले. १२ डिसेंबर २०२० रोजी वयाच्या ८९व्या वर्षी त्याचे निधन झाले, तेव्हा एका रहस्यकथाकाराला नव्हे, तर विसाव्या शतकातील एका महत्त्वाच्या इंग्रजी कादंबरीकाराला जग मुकले होते.

कचेरीतला हेर

१९६१ सालच्या ‘कॉल फॉर द डेड’ ह्या पहिल्याच कादंबरीत त्याने जॉर्ज स्मायली निर्माण केला. बुटका, स्थूल, अंगावर धड न बसणारे कपडे घालणारा आणि नेकटायच्या टोकाने चष्मा पुसणारा हा गृहस्थ. त्याची पत्नी त्याच्याशी एकनिष्ठ नाही; जुने जर्मन काव्य हा त्याचा विरंगुळा. जुन्या फायली आणि तल्लख स्मरणशक्ती हीच त्याची शस्त्रे. कोणत्या कागदावर कोणाची सही आहे, कोणती नोंद नाहीशी झाली आहे, ह्यावरून तो सत्यापर्यंत पोचतो. वरिष्ठांची मर्जी, खात्याखात्यांतील चुरस आणि बढतीचे राजकारण ह्यांचे ल कॅरेने केलेले चित्रण कचेरीत आयुष्य घालविलेल्या कोणत्याही वाचकाला ओळखीचे वाटेल.

हे सारे त्याने जवळून पाहिले होते. किंबहुना खोटे वागण्याचे शिक्षण त्याला घरातच मिळाले. १९३१ साली डॉर्सेट परगण्यातील पूल येथे त्याचा जन्म झाला. वडील रॉनी अट्टल ठक होते. फसवणुकीपायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. मुलगा पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. प्रतिष्ठितांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांत घरचे हाल लपवीत त्याला त्यांच्यापैकीच एक असल्याचे सोंग आणावे लागले. पुढे ऑक्सफर्डला शिकताना त्याने डाव्या विचारांच्या सहाध्यायांची माहिती गुप्तचर खात्याला पुरविली. ईटनच्या विख्यात शाळेत दोन वर्षे शिक्षकी करून १९५८ साली तो ‘एमआय ५’ ह्या खात्यात आणि १९६० साली परदेशांत हेरगिरी करणाऱ्या ‘एमआय ६’मध्ये गेला. वडिलांशी असलेला हिशेब मात्र त्याने फार उशिरा, १९८६च्या ‘अ परफेक्ट स्पाय’ ह्या कादंबरीत चुकता केला.

बर्लिनची भिंत उभी राहिली त्या सुमारास तो बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत होता. त्या अनुभवातून १९६३ साली ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ अवतरली. पूर्व जर्मनीच्या एका क्रूर अधिकाऱ्याचा काटा काढण्यासाठी आपल्याला पाठविले आहे, अशी त्यातील लीमस ह्या ब्रिटिश हेराची समजूत असते. प्रत्यक्षात तो अधिकारी ब्रिटनचाच माणूस निघतो. बळी द्यायचा असतो तो त्याच्यावर संशय घेणाऱ्या प्रामाणिक माणसाचा. ह्या डावात ग्रंथालयात काम करणारी लिझ ही निष्पाप तरुणी विनाकारण भरडली जाते. ती भिंतीवर गोळी लागून पडते, तेव्हा सुटका हाताशी असतानाही लीमस भिंतीवरून खाली तिच्याकडे परततो आणि मरण पत्करतो.

दिल्लीतील लायटर

त्याच वर्षी जानेवारीत किम फिल्बी हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातील बडा अधिकारी मॉस्कोला पळाला. अंबाल्यात जन्मलेल्या फिल्बीला ‘किम’ हे लाडके नाव मिळाले ते मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कादंबरीवरून. साम्राज्याच्या सेवेतील हेरगिरी किपलिंगला एक रम्य खेळ वाटली होती. त्याच नावाच्या माणसाने त्या खेळाचा पाया पोखरून टाकला. फिल्बीच्या ह्या विश्वासघाताची छाया १९७४च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’वर आहे.

ह्या कादंबरीतील एक कळीचा प्रसंग दिल्लीच्या तुरुंगात घडतो. रशियन हेर कार्ला तेथे अटकेत आहे. मॉस्कोत तुझा अंत निश्चित आहे, आमच्याकडे ये, असे स्मायली त्याला परोपरीने विनवितो. कार्ला चकार शब्द बोलत नाही. जाताना मात्र पत्नीने स्मायलीला भेट दिलेला लायटर घेऊन जातो. पत्नीवरील प्रेम हे स्मायलीचे मर्मस्थान आहे, हे त्याने हेरलेले असते. १९७९च्या ‘स्मायलीज पीपल’मध्ये स्मायली अखेर कार्लाला शरण आणतो; परंतु कशाच्या बळावर? मनोरुग्ण मुलीवरील कार्लाच्या मायेचा तो शस्त्रासारखा वापर करतो. बर्लिनच्या सीमेवर कार्लाच्या हातून तो लायटर गळून पडतो आणि स्मायली तो उचलत नाही. शत्रूला जिंकण्यासाठी आपण शत्रूच झालो, हे त्याला उमगलेले असते.

१९८९ साली ती भिंत कोसळल्यावर ल कॅरेचा विषयच संपला, असे अनेकांना वाटले. २००१ साली ‘द कॉन्स्टंट गार्डनर’मध्ये त्याने केनियातील गरिबांवर औषधांचे प्रयोग करणाऱ्या कंपन्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, २००३ साली इराकवरील स्वारीचा जाहीर निषेध केला. ह्या उत्तरकाळातील काही पुस्तकांत त्याचा संताप पात्रांवर मात करतो आणि त्याच्या स्त्रिया पुष्कळदा धूसर राहतात, हे मान्य करावे लागेल. परंतु ब्रिटिश सरकारचे किताब नाकारण्याइतका त्याचा बाणा शेवटपर्यंत ताठ होता.

राज्यसंस्थेला गुपिते राखावी लागतात, हे ल कॅरेने कधी नाकारले नाही. त्या गुपितांची किंमत कोण मोजतो, एवढेच तो विचारीत राहिला. हुकूम सोडणारे वरिष्ठ त्याच्या कादंबऱ्यांत बहुधा सुखरूप असतात. मरते ती ग्रंथालयातील लिझ, जिला ह्या डावाची कल्पनाही नव्हती.