वाऱ्याला वाट देणारी मोटार

१९१९च्या व्हर्साय तहाने जर्मनीत विमाननिर्मितीवर निर्बंध आले आणि विमाने घडविणारे एडमुंड रुम्प्लर मोटारींकडे वळले. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात त्यांनी 'ट्रॉप्फेनवागन', म्हणजेच 'थेंबगाडी', सादर केली. पुढे गोलसर व मागे निमुळत्या होत गेलेल्या तिच्या बांध्यावरून हवा सहज सरकत असे. त्यामुळे गाडीमागे भोवरे कमी उठत आणि इंजिनाची शक्ती वाचे.

मात्र सामानाला जागा नाही आणि रूप विचित्र! ग्राहकांनी पाठ फिरविली. सुमारे १०० गाड्याच तयार झाल्या. पुढे १९७९ साली फोक्सवागनच्या वातबोगद्यात तिचा वायुरोध गुणांक अवघा ०.२८ भरला. हा आकडा जितका लहान, तितका हवेचा अडथळा कमी. अनेक आधुनिक मोटारींनाही तो गाठता आलेला नाही. रुम्प्लर यांचे गणित अचूक होते. चुकला तो बाजाराचा अंदाज.