रमजानच्या रात्री आणि विजेचे बिल

रमजान महिन्यात घराचे घड्याळच बदलते. सहेरीसाठी पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लागतो, तर तरावीहची नमाज आटोपून मंडळी परतल्यावर रात्री उशिरापर्यंत घर जागे असते. एरवी चार-पाच तास जळणारे दिवे या महिन्यात सात-आठ तास जळतात. ईदचे कपडे, फित्रा, जकात यांचा हिशेब मांडत असतानाच विजेचे वाढीव बिल हाती पडते.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत दर कमी आणि त्यापुढील युनिटांना चढा असतो. त्यामुळे नव्वद युनिटांत भागवणारे घर शंभरी ओलांडते, तेव्हा वरचे प्रत्येक युनिट महाग पडते.

बहुतेक घरांत एलईडी बल्ब आले आहेत. केंद्र सरकारची उजाला योजना २०१५ मध्ये सुरू झाली. सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. तरीही काही जुने दिवे घरात टिकून आहेत. चोकची जुनी ट्यूब ४० वॅटची म्हणतात, पण चोक धरून ती ५० ते ५५ वॅट वीज घेते. तेवढाच उजेड २० वॅटची एलईडी ट्यूब देते. न्हाणीघरातला ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तरी उजेड कमी होत नाही. सर्वांत फसवा तो रात्रभर जळणारा ‘झिरो’चा बल्ब. नाव झिरो, पण वीज खातो सुमारे १५ वॅट! एलईडीचा रात्रदिवा अर्ध्या वॅटवर चालतो.

हिशेब सोपा आहे. दोन जुन्या ट्यूब रोज सात तास, दोन पिवळे बल्ब चार तास आणि एक झिरो बल्ब आठ तास चालत असेल, तर हे पाचही दिवे बदलल्यावर महिन्याला सुमारे ३० युनिट वाचतात. शंभरीच्या काठावरच्या घराला एवढी बचत पुरेशी असते.

खरेदी करताना वेष्टनावरचे वॅट, ल्युमेन, स्टार चिन्ह आणि वॉरंटी पाहावी. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना चोक वायरमनकडूनच काढून घ्यावा. रोषणाईच्या माळाही एलईडीच्याच घ्याव्यात. ईदला घेतलेली माळ शेजारच्या घरी गणपतीला आणि दिवाळीलाही उपयोगी पडते.

इस्लाममध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध मानली आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, अशी शिकवण आहे. मग मीटरवर मोजून मिळणारी वीज का जपू नये? रोजात भूक-तहान आवरावी लागते. इथे तर उजेडही सोडावा लागत नाही, फक्त दिवा बदलावा लागतो. वाचलेल्या पैशांतून गल्लीतल्या एखाद्या गरजू घरी इफ्तारचे फळ पोहोचले, तर ती बचत सार्थकी लागली म्हणायची.