मका परत ताटात येतो तेव्हा

चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करणारी घरं कोल्हापुरात अजून आहेत. सोडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आषाढात सोडलेलं वांगं मार्गशीर्षात चंपाषष्ठीला भरीत होऊन परत येतं, सोबत कांद्याची पात, लसूण आणि भाकरी. सगळं एकाच ताटात. नैवेद्याला ते शोभतं. पण त्या रात्री कुणाचं पोट बिघडलं तर दोष वांग्याचा, कांद्याचा की लसणाचा, हे खंडोबालाही सांगता येणार नाही.

पोटविकाराचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हल्ली ‘एलिमिनेशन डाएट’ सुचवतात, त्याचा सगळा जीव या परतीत आहे. पोट फुगतं, जुलाब होतात, अंगावर पित्त उठतं आणि कारण सापडत नाही, अशा वेळी संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे पूर्ण बंद करायचे. त्रास कमी झाला तर एकेक पदार्थ परत आणायचा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि काय होतं ते वहीत लिहायचं. त्रास कमी झालाच नाही, तर कारण बहुधा खाण्यात नाही असं मानून तपास दुसरीकडे न्यायचा. हे शेवटचं वाक्य लोक ऐकत नाहीत. ते आणखी चार पदार्थ बंद करतात आणि वजन घटवून बसतात.

ही पद्धत जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे डॉ. अल्बर्ट रो यांनी 1920च्या दशकात ती रुग्णांवर वापरायला सुरुवात केली आणि 1941 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मक्याकडे बोट दाखवणारं ठळक नाव म्हणजे शिकागोचे डॉ. थेरॉन रँडॉल्फ. त्यांच्या पुढच्या अनेक मतांना वैद्यकशास्त्रानं मान्यता दिली नाही, पण मका न दिसता किती पदार्थांतून पोटात जातो, हे त्यांनी 1940च्या दशकातच हेरलं होतं.

कोल्हापुरात संशयाचा पहिला मान तिखटाचा. मक्यावर कुणी संशय घेत नाही, कारण आपलं रोजचं जेवण भात आणि ज्वारीच्या भाकरीचं. मका म्हणजे जनावरांची वैरण, पावसाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर भाजलेलं कणीस आणि दिवाळीत मक्याच्या पोह्यांचा चिवडा. एवढ्यानं काय होणार? शिवाय गहू बंद केला की नाश्त्याला कॉर्नफ्लेक्स येतात. म्हणजे एक धान्य तपासायला काढलं आणि त्याच आठवड्यात दुसरं दुप्पट केलं. त्यात बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा माल्ट असतो, त्यामुळे ग्लुटेनही मागच्या दारानं आत.

मक्याची पाळी येईल तेव्हा त्याला एकट्यालाच बोलवावं. साधे उकडलेले दाणे, वर फक्त मीठ. आधी दोन चमचे, काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी वाटीभर. कणसाला लिंबू-तिखट चोळलं की परीक्षा मक्याची राहत नाही. मक्याच्या भाकरीवर परीक्षा घ्यायची तर गिरणीत आधी काय दळलं ते विचारावं, कारण जात्यात उरलेला गहू आपल्या पिठात हमखास उतरतो. आणि गाड्यावरच्या गोबी मंचुरियनवरून निकाल देऊ नये. त्यात कॉर्नफ्लोअर असतंच, पण मैदाही असतो, सोया सॉस असतो, त्या सॉसमध्ये बहुधा पुन्हा गहू असतो, आणि तेल कितव्यांदा तापलंय ते कढईलाच ठाऊक.

एक गैरसमज जरा अस्वच्छ आहे, पण सांगायला हवा. शौचात मक्याचे दाणे दिसले म्हणजे मका सोसत नाही, असं नव्हे. दाण्याचं साल तंतुमय असतं, ते कुणालाच नीट पचत नाही. बहुतेक वेळा आतला गर पचून गेलेला असतो.

खरी गुंतागुंत न दिसणाऱ्या मक्याची. दाण्यात ढोबळमानानं 70 टक्के स्टार्च आणि 9-10 टक्के प्रथिनं. कारखान्यात मका सल्फर डायऑक्साइड मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात, दळतात आणि कोंब, कोंडा, प्रथिन, स्टार्च वेगळे करतात. असे कारखाने आपल्यापासून लांब नाहीत. गोकाकला आहे, धुळ्याकडे दोंडाईचालाही आहे. तिथल्या पांढऱ्या पिठाचं पुढे कॉर्नफ्लोअर, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, सॉर्बिटॉल होतं. मग मका बेकिंग पावडरीत जातो, विकतच्या पिठीसाखरेत जाऊ शकतो, चॉकलेट-गोळ्यांत जातो, औषधाची गोळी बांधायलाही लागतो. कस्टर्ड पावडरीची गोष्ट तर मजेशीर आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं, म्हणून त्यांनी 1837 मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. अंड्याच्या जागी आलं कॉर्नफ्लोअर. एकीची सोय पुढे दुसऱ्या कुणाची अडचण झाली.

म्हणून मका बंद आहे असं समजून रोज सॉस, बिस्किटं आणि बेकरीचे केक खाल्ले, तर ते सहा आठवडे वाया जाऊ शकतात. मात्र घाबरून सगळंच टाकायचीही गरज नाही. शुद्ध स्टार्चमध्ये प्रथिन अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरतं, डेक्स्ट्रोजमध्ये जवळपास नाहीच. ॲलर्जी होते ती प्रथिनाची. त्यामुळे कणसानं त्रास होतो आणि कॉर्नफ्लोअरच्या सुपानं होत नाही, असा माणूस खोटं बोलत नसतो. ‘कोंबडीला मका घालतात, मग अंडं चालेल का?’ हा प्रश्नही विचारला जातो. चालतं. तो मका कोंबडीनं पचवलेला असतो.

त्रास कधी आणि कसा होतो, यावरून बरंच उमगतं. दाणे खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर ती खरी ॲलर्जी असू शकते. मक्यातलं त्यामागचं एक प्रथिन उकळूनही मोडत नाही आणि त्याचा भाऊबंद पीच फळातही सापडतो. असं पूर्वी एकदा जरी झालं असेल तरी घरी परीक्षा घेऊ नये. काही आठवडे बंद ठेवलेला पदार्थ परत खाल्ल्यावर प्रतिक्रिया आणखी जोरात येऊ शकते. ही चाचणी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच व्हावी. घसा आवळला, श्वास लागला तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं. याउलट, दोन चमच्यांनी काही होत नाही, पण बाऊलभर स्वीटकॉर्न खाल्लं की संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं होतं, तर प्रश्न प्रमाणाचा आहे. मोठ्या आतड्यात आंबणाऱ्या शर्करांचा आणि तंतूंचा. त्या माणसानं अर्धं कणीस खावं आणि पन्हाळ्याला जावं. फक्त कस्टर्डनंच त्रास होत असेल तर आधी दुधाकडे बघावं.

वेष्टनावर फार विसंबता येत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या लेबलिंग नियमांत ॲलर्जीकारक म्हणून ठळक सांगायच्या पदार्थांची यादी आहे. ग्लुटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट. मका त्यात नाही. अमेरिकेच्या नऊ पदार्थांच्या यादीतही नाही, कारण मक्याची खरी ॲलर्जी विरळाच. तेव्हा बारीक अक्षरांतला ‘एडिबल स्टार्च’ किंवा 1422, 1442 हे आकडे आपणच शोधायचे. तो स्टार्च मक्याचाच असेल असंही नाही, टॅपिओकाचाही असू शकतो.

तरीही कोल्हापूरकर नशीबवानच. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या शीतपेयांमधून साखर गेली आणि मक्याचं सिरप आलं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरात मका टाळायचा तर सॉसपासून सरबतापर्यंत सगळं तपासावं लागतं. इथे गोडवा उसाचा. गूळ आपला, साखर आपली, भडंगाचे चुरमुरे तांदळाचे. घरी शिजवलेलं खाणाऱ्यानं मका वगळला तर त्याच्या ताटात फारसा फरक दिसत नाही. औषधांचं मात्र वेगळं. गोळीत स्टार्च आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून बंद करू नये.

संशय पक्का करायला पैसे मोजून रक्तातल्या आयजीजी प्रतिपिंडांवरून होणारी शंभरेक पदार्थांची तपासणी करून घेऊ नये, हे स्पष्टच लिहितो. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं 2008 मध्येच अशा तपासण्यांविरुद्ध मत दिलंय. तो पदार्थ आपण खात आलो आहोत, एवढंच त्यातून कळतं. त्यापेक्षा 1976 मध्ये डॉ. चार्ल्स मे यांनी रुळवलेली रीत भरवशाची. खाणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही, की आज पदार्थात संशयित आहे की नाही. अशा चाचणीत पुष्कळांचा संशय खोटा ठरतो.

फक्त पोट फुगण्याचीच तक्रार असेल तर या चाचणीची सौम्य आवृत्ती घरीही करता येते. ज्वारीच्या भाकरीत काही दिवस मक्याचं पीठ मिसळायचं, काही दिवस नाही. कधी मिसळलं हे करणारीच्या वहीत, पोटाचं काय झालं हे खाणाऱ्याच्या वहीत. दोन आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. मका निर्दोष सुटला तर पुढचा संशयित बहुधा कांदा-लसूण मसाला असतो, कारण कांदा आणि लसूण दोन्ही आतड्यात आंबणाऱ्या शर्करांनी भरलेले. आणि कोल्हापुरात ही बातमी घरात सांगायची कुणी, यावर अजून कुठल्या डॉक्टरनं उपाय काढलेला नाही.