दूरची मंडळी आणि खेड्यातील दवाखाना

चर्चच्या सभासदांच्या समुदायाला मराठी ख्रिस्ती लोक ‘मंडळी’ म्हणतात. अशी एखादी मंडळी, जे खेडे तिच्यातील बहुतेकांनी कधी पाहिले नाही आणि पुढेही पाहण्याचा संभव नाही, अशा समुद्रापलीकडील खेड्यातील दवाखान्यासाठी वर्षानुवर्षे पैसा पाठविते. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली आहे. तिच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते सामान्यतः दोन प्रकारचे असते. एका प्रकारात परोपकाराची स्तुती असते, तर दुसऱ्यात धर्मांतराचा संशय. दोहोंनाही आपापल्या जागी आधार आहे. परंतु या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक साधा प्रश्न मागे पडतो. दवाखान्यासाठी पैसा ज्या रीतीने गोळा होतो, त्या रीतीचा दवाखान्याच्या कामावर काय परिणाम होतो? प्रस्तुत लेखात मुख्यतः याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभ बोस्टनपासून करणे सोयीचे होईल. 1869 च्या मार्च महिन्यात त्या शहरातील मेथडिस्ट स्त्रियांनी परदेशातील कार्यासाठी स्वतःची संस्था स्थापन केली. प्रत्येक सभासद स्त्रीने दर आठवड्यास 2 सेंट द्यावे, असा तिचा नेम होता. रक्कम क्षुल्लक खरी. पण ती नवऱ्याकडे न मागता घरखर्चातून बाजूला काढता येण्याजोगी होती, आणि संस्थेचे बळ यातच होते. पुढल्याच वर्षी या संस्थेने पाठविलेल्या डॉक्टर क्लारा स्वेन बरेलीस पोचल्या. वैद्यकीय पदवी घेऊन मिशनच्या कामासाठी हिंदुस्थानात आलेल्या त्या पहिल्या स्त्री-डॉक्टर होत. त्यांच्या रुग्णालयासाठी रामपूरच्या नवाबाने जागा दिली आणि 1874 साली ते सुरू झाले. येथे सहज ध्यानात येण्याजोगी गोष्ट अशी की, जमीन मुसलमान संस्थानिकाची, पैसा अमेरिकेतील मध्यमवर्गीय गृहिणींचा आणि रुग्ण पडद्यातील हिंदु-मुसलमान स्त्रिया, अशी ही तिहेरी जुळणी होती. केवळ ‘परकीय मदत’ या दोन शब्दांत ती बसत नाही.

आठवड्याचे 2 सेंट देणाऱ्या स्त्रीला आपल्या पैशाचे काय झाले हे कळावयास हवे असते, आणि ते हवे असणे स्वाभाविकच आहे. म्हणून मिशनची मासिके निघाली, वार्षिक अहवाल निघाले, सुटीवर मायदेशी गेलेला मिशनरी डॉक्टर गावोगावच्या मंडळ्यांपुढे भाषणे देऊ लागला. मंडळीतील स्त्रिया जुन्या चादरी फाडून पट्ट्या गुंडाळीत व त्यांची गाठोडी जहाजाने पाठवीत. रुग्णालयातील एखादी खाट एखाद्या मंडळीच्या नावाने चालविण्याची पद्धतही सर्वत्र रूढ झाली. या सर्व व्यवहारात ज्याचे वर्णन करता येते, ज्याचे छायाचित्र घेता येते किंवा ज्यावर नाव कोरता येते, त्यालाच महत्त्व येणार हे उघड आहे. अंधत्व गेलेला म्हातारा, अवघड प्रसूतीतून वाचलेली बाई, नवी इमारत, क्ष-किरण यंत्र ही ती वर्णनीय वस्तू. विहिरीचे पाणी स्वच्छ राहिल्यामुळे जे मूल आजारीच पडले नाही, त्याचे छायाचित्र कोण घेणार?

मोठ्या देणगीदारांची गोष्टही फारशी निराळी नव्हती. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी 1900 साली एका खाटेवर काम सुरू केले. दोनच वर्षांनी तेथे रुग्णालय उभे राहिले ते न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या धनिकाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या 10,000 डॉलरांमुळे, आणि त्या पत्नीचेच नाव त्यास दिले गेले. आपल्याकडे मिरजेस डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय 1894 साली सुरू झाले. त्याच्यामागेही अमेरिकेतील प्रेसबिटेरियन मंडळ्यांचा पैसा होता. वॉनलेस यांच्या शस्त्रक्रियेची कीर्ती एवढी पसरली की दूरदूरचे रोगी आगगाडीने मिरजेला येऊ लागले. या संस्थांनी जे केले ते लहान नव्हे. परिचारिकांचे व डॉक्टरांचे शिक्षण त्यांनी दिले, आणि ज्या काळी सरकारी आरोग्यव्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर क्वचितच पोचे त्या काळी दिले. तथापि शस्त्रक्रियेची कीर्ती जितकी वाढली तितका पैसा शस्त्रक्रियागृहाकडे वळला, आणि रुग्णालयाच्या फाटकापासून पाच-दहा मैलांवरील खेडी होती तशीच राहिली.

धर्मांतराच्या संशयाविषयीही येथे थोडे लिहिले पाहिजे. मध्यप्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल 1956 साली नागपुरात प्रसिद्ध झाला. धर्मांतराचे साक्षात साधन म्हणून वैद्यकीय सेवेचा उपयोग करण्यास कायद्याने बंदी घालावी, अशी एक शिफारस त्यात होती. अहवालाच्या निष्कर्षांवर तेव्हा वाद झाला व तो अजून मिटलेला नाही. प्रस्तुत विषयापुरते एवढेच म्हणता येईल की, देणारा दूर असतो, घेणारा हतबल असतो आणि दोघांच्या मधला माणूस पगारी असतो, तेथे हेतूविषयी संशय उत्पन्न होण्यास कोणाच्या दुष्टपणाची आवश्यकता नसते.

खुद्द चर्चसंस्थांच्या मनात खरी शंका उत्पन्न झाली ती मात्र निराळ्या कारणाने. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिकेतील देश स्वतंत्र झाले. तेथील सरकारे रुग्णालये काढू लागली आणि आधुनिक वैद्यकाचा खर्च मिशनांच्या आवाक्याबाहेर जाऊ लागला. 1964 साली पश्चिम जर्मनीतील ट्यूबिंगन येथे जागतिक चर्च परिषद व लूथरन जागतिक संघ यांनी एक विचारसभा बोलाविली. 1967 साली दुसरी झाली आणि तिच्या पाठोपाठ 1968 साली जागतिक चर्च परिषदेचा ‘ख्रिस्ती वैद्यकीय आयोग’ जिनीव्हास स्थापन झाला. चर्चसंस्थांच्या वैद्यकीय कार्याची पाहणी झाली तेव्हा त्यातील सुमारे 95 टक्के कार्य रोग झाल्यानंतरच्या उपचाराचे, आणि तेही मुख्यतः रुग्णालयात चालणारे, असल्याचे आढळून आले. शंभर वर्षे श्रद्धेने गोळा केलेल्या पैशाचा हा हिशेब होता. तो कोणा टीकाकाराने मांडला नव्हता, तर त्या पैशाच्या विश्वस्तांनीच मांडला होता, हे विशेष होय.

ही आकडेवारी ज्या अनुभवात आपल्याला प्रत्यक्ष दिसते तो अनुभव महाराष्ट्रातला आहे. डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे हे वेल्लोरचे पदवीधर दांपत्य 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. रुग्णालयाचे काम वाढत होते. दूरच्या मंडळीस कळविण्याजोगे पुष्कळ घडत होते. परंतु बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच हगवणीने किंवा त्याच कुपोषणाने पुन्हा येई. रोग्यांपैकी बहुतेकांचे आजार टाळता येण्याजोगे होते. रुग्णालय मोठे करून हे थांबणार नाही, हे ओळखून दोघे अमेरिकेस गेले आणि तेथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याजवळ त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. हेच टेलर ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाच्या विचारमंडळातही होते. 1970 साली आरोळे दांपत्य परत आले ते वडाळ्यास न जाता जामखेड या दुष्काळी तालुक्यात आले.

जामखेडचा आरंभ गुरांच्या जुन्या दवाखान्यात झाला. प्रथम योजना अशी होती की, प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यांत राहून काम करावे. ती फसली. शहरात शिकलेल्या तरुण मुलीस एकटीने खेड्यात राहणे अवघड जाई, आणि तिचे बोलणे गावातील बायांच्या गळी उतरत नसे. तेव्हा गावातीलच एक बाई निवडावी असे ठरले. या बाया बहुधा निरक्षर होत्या व त्यांतील अनेक दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, काही थोडे शिकत व गावी परत जाऊन तेच करून दाखवीत. गरोदर बाईने काय खावे, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, नाळ कशाने कापावी, असे ते शिक्षण असे. पुढे काही वर्षांनी आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी परदेशांहून येऊन त्यांच्यापुढे बसू लागले.

पाण्याची हकीकत यातली सर्वांत बोधक वाटते. 1972 च्या सुमाराच्या दुष्काळात प्रकल्पाने गावोगावी कूपनलिका खोदविल्या. हातपंप कोठे बसवावा हा प्रश्न वरवर भूगर्भशास्त्राचा दिसतो. आरोळ्यांनी तो समाजशास्त्राचा मानला आणि शक्य तेथे पंप दलित वस्तीत बसेल अशी व्यवस्था केली. पाणी सर्वांनाच हवे होते, म्हणून सर्वांना त्या वस्तीत यावे लागले. परदेशातील मंडळीस पाठवावयाच्या अहवालात अशी गोष्ट कोणत्या सदराखाली लिहावी? खर्चाच्या बाजूस ‘कूपनलिका’ एवढीच नोंद येईल. ज्या कामासाठी ती होती ते जमेच्या बाजूस कोठेही दिसणार नाही.

जामखेडने उपचार सोडले असा मात्र समज होऊ नये. तेथे रुग्णालय होते आणि आहे. उपचाराने विश्वास मिळतो आणि विश्वास मिळाल्यावरच प्रतिबंधाचे बोलणे ऐकले जाते, हे आरोळे जाणून होते. फरक पडला तो क्रमात. रुग्णालय हे केंद्र न राहता गावच्या कामाचा आधार झाले. ग्वातेमालात चिमाल्तेनांगो येथे कॅरोल बेरहॉर्स्ट या डॉक्टरांनी याच सुमारास आपल्या कार्याच्या अग्रक्रमांची यादी केली, तीत सामाजिक व आर्थिक अन्याय पहिला होता, मग जमिनीचा प्रश्न, आणि उपचारात्मक वैद्यक अगदी शेवटी. तेही मिशनरी डॉक्टर म्हणूनच त्या देशात गेले होते.

आयोगाच्या पत्रिकेतून अशा प्रयोगांचे वृत्तान्त 1970 नंतर प्रसिद्ध होऊ लागले. जामखेडचा 1972 साली आला. जागतिक आरोग्य संघटनेचे कार्यालयही जिनीव्हातच, आयोगापासून जवळ होते. संघटनेचे महासंचालक हाफडन माहलर यांची व आयोगाच्या पुढाऱ्यांची मार्च 1974 मध्ये बैठक झाली. दुसऱ्याच वर्षी संघटनेने केनेथ न्यूएल यांच्या संपादनाखाली जे पुस्तक काढले, त्यात चीन, क्यूबा, टांझानिया यांच्या राष्ट्रीय योजनांच्या जोडीला जामखेड, चिमाल्तेनांगो व मध्य जावा येथील प्रयोग होते. 1978 च्या सप्टेंबरातील आल्मा-आता परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा संमत झाला, त्याच्या उगमांपैकी एक येथे आहे. त्या जाहीरनाम्याच्या इतिहासात चीनच्या ‘अनवाणी डॉक्टरां’चा उल्लेख आवर्जून होतो. ट्यूबिंगनचा क्वचितच होतो, आणि हा अभ्यासातील दोष आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

परिणामांविषयी सावधपणे बोलले पाहिजे. प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्याच्या खेड्यांतील बालमृत्यूचे प्रमाण 1971 मध्ये दर हजार जन्मांमागे 176 होते, ते 1976 मध्ये 52 वर आले. या नोंदी प्रकल्पाच्या स्वतःच्या आहेत, आणि त्याच काळात महाराष्ट्रात अन्यत्रही हे प्रमाण घटत होते. म्हणून 2010 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झालेला तौलनिक अभ्यास अधिक मोलाचा आहे. आसपासच्या, प्रकल्पाबाहेरील खेड्यांशी तुलना करता, जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या व पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या खेड्यांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. मूळ आकड्यांचा डौल या निष्कर्षाला नाही, पण तो अधिक भरवशाचा आहे.

दूरची मंडळी अजूनही पैसे पाठविते. मधल्या काळात तिच्या व दवाखान्याच्या मध्ये राज्यसंस्था येऊन उभी राहिली. परकीय देणग्यांविषयीचा पहिला कायदा 1976 चा. त्याच्या जागी 2010 साली नवा आला. 2020 च्या दुरुस्तीने अशी देणगी मिळालेल्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. दुर्गम भागातील लहान दवाखान्यांना पैसा बहुधा एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत पोचत असे. तो मार्ग त्यामुळे बंद झाला. शिवाय गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीचे मानधन, तिचा प्रवास, तिचे शिक्षण हा प्रशासकीय खर्च की कार्याचा, हे कागदावर ठरविणे नेहमीच सोपे नसते. इमारतीच्या विटांविषयी असा प्रश्न कधी उद्भवत नाही.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांसाठी साधनांविषयी दोन शब्द. मराठी मुलखात काम करणाऱ्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात व प्रेसबिटेरियन मिशनची फिलाडेल्फियात जतन केलेली आहेत. त्यांत मंडळ्यांच्या देणग्यांच्या याद्या तपशीलवार सापडतात. दुसरी बाजू, म्हणजे त्या पैशाचा दवाखाना ज्यांच्या गावात उभा राहिला त्यांची, बहुतांशी अलिखित आहे. जामखेडच्या पहिल्या पिढीतील आरोग्य-कार्यकर्त्या बाया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्याचे काम मराठी जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाच करता येईल आणि ते ग्रंथालयातील कामाच्या आधी हाती घ्यावे.